शेतजमिनीचा खंडकरार

जमिनीचा मालक एक आणि कसणारा दुसरा असतो, तेव्हा जमिनीच्या वापराबद्दल दोघांत होणाऱ्या कराराला खंडकरार म्हणतात. मालकी मालकाकडेच राहते. कसणारा ठरलेल्या मुदतीपुरता ताबा घेतो आणि त्याबदल्यात खंड किंवा पिकाचा वाटा देतो. करार लेखी असतो किंवा तोंडी. जगात आजही पुष्कळशी जमीन नुसत्या शब्दावर कसली जाते.

मोबदल्याच्या रीती मुख्यतः दोन. रोख खंडात (मक्त्यात) रक्कम आधीच ठरते, म्हणून पीक बुडाले किंवा भाव पडला तरी मालकाचे पैसे द्यावेच लागतात. बटाईत पीक वाटून घेतात, त्यामुळे नुकसानही दोघांत वाटले जाते. वाटा जाणार म्हणून बटाईदार मेहनतीत हात राखतो, असा आक्षेप अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्ये मांडला. स्टीव्हन चेउंग यांनी १९६९ मध्ये तो खोडून काढण्याचा प्रयत्न केला. जोसेफ स्टिग्लिट्झ यांनी १९७४ मध्ये बटाईचा अर्थ जोखीम आणि मेहनत यांचा मेळ घालणारी तडजोड असा लावला. प्रत्यक्षात भांडण निम्म्या-पाऊण वाट्यावरून कमी आणि वजावटीवरून जास्त होते. बी-खताचा खर्च वाटणीआधी काढायचा की नंतर? धान्य वाटले, मग वैरण कोणाची?

मुदत हा कराराचा सर्वांत दुर्लक्षित भाग. शेणखताचा गुण दोन-तीन वर्षे टिकतो, चर खणून निचरा केला तर त्याहून जास्त. एका वर्षासाठी जमीन घेतलेला माणूस हे कशाला करील? तो जमिनीतून निघेल तेवढे काढतो आणि पुढे जातो. त्याला आळशी म्हणणे सोपे आहे, पण दोष मुदतीचा असतो. इंग्लंडमध्ये १८७५ च्या कायद्याने जमीन सोडणाऱ्या कुळाला अशा सुधारणांच्या उरलेल्या मोलाची भरपाई मान्य केली. पण करारात ती टाळण्याची मुभा होती. १८८३ मध्ये ती पळवाट बंद झाली.

मालकाची भीती वेगळी असते: ताबा लांबला की हक्क जाईल. तिला आधार आहे. मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ मधील तरतुदींनुसार जुन्या मुंबई राज्याच्या भागात १ एप्रिल १९५७ या 'कृषक दिना'पासून अटींत बसणारी कुळे जमिनीची खरेदीदार मानली गेली. पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्यांना जमीन मिळाली, हे या कायद्याचे मोठे यश. मात्र त्यानंतर जमीन देणारे कागद करायला कचरू लागले, दरवर्षी माणूस बदलू लागले. कागद नाही म्हणून कसणाऱ्याला पीककर्ज आणि विमा मिळवणे अवघड जाते. सातबाऱ्यावर नाव मालकाचेच. मालकी सुरक्षित ठेवून करार उघडपणे करता यावा, यासाठी नीती आयोगाने २०१६ मध्ये नमुना कायदा पुढे आणला.

पश्चिम बंगालने दुसरी वाट धरली. १९७८ पासून 'ऑपरेशन बर्गा' मोहिमेत बटाईदारांची नावे सरकारी दप्तरात चढवली गेली. कायद्याप्रमाणे बी-खत, बैल मालकाने दिल्यास बटाईदाराचा वाटा निम्मा, नाहीतर पाऊण. तैवानमध्ये १९४९ मध्ये खंडावर मुख्य पिकाच्या ३७.५ टक्क्यांची मर्यादा घातली गेली. नाव नोंदले गेले की बटाईदाराला सहजी उठवता येत नाही, आणि मग मोलभाव बरोबरीने होतो.

लेखी करारात क्षेत्र, चतुःसीमा, मुदत, खंडाची तारीख यांची नोंद बहुतेक जण करतात. विहिरीच्या पाण्याची पाळी, वीजबिल, बांधावरची झाडे आणि पोटखंडाने जमीन पुढे देण्याची मुभा या बाबी बऱ्याचदा राहून जातात. मुदत संपताना शेतात उभ्या असलेल्या पिकाचा प्रश्न त्याहून नाजूक. इंग्लिश कायद्यातील जुन्या तत्त्वानुसार, मुदत अनिश्चित असलेल्या कुळाचा ताबा त्याचा दोष नसताना संपला, तर पेरलेले पीक काढून नेण्यासाठी तो शेतात परत येऊ शकतो. ठरलेल्या तारखेला मुदत संपणाऱ्याला ही सवलत नाही, कारण ती तारीख त्याला पेरतानाच माहीत असते.