ठाण्याला पाठवण्यापासून घरी राहण्यापर्यंत : बायपोलर आणि नाती

बायपोलर, म्हणजे कधी उन्माद तर कधी नैराश्य आणणारा मनाचा आजार, असलेल्या माणसाच्या घरात नाती इतकी का ताणतात, याचं उत्तर नुसत्या आजारात शोधून भागत नाही. आपल्या ठाण्यात तर त्याला जुना इतिहास आहे. १९०१ साली इथे मनोरुग्णालय सुरू झालं आणि ‘याला ठाण्याला पाठवा’ ही थट्टा पार मुंबईभर पिढ्यानपिढ्या चालली. तेव्हा हाताशी दुसरं होतं तरी काय? उन्माद आणि नैराश्य ही एकाच आजाराची रूपं, असं मनोविकारतज्ज्ञ क्रेपेलिन यांनी १८९९ मध्ये जर्मनीत मांडलं खरं, पण औषध नव्हतं. घरच्यांनी पोचवून यायचं आणि चारचौघांत विषय काढायचा नाही, एवढंच.

१९४९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डॉ. जॉन केड यांना लिथियम या औषधाचा उन्मादावरचा गुण दिसला. पुढे ते रुळलं तशी माणसं घरी राहून सावरू लागली, नोकऱ्या करू लागली. घराला मात्र कुणी काही शिकवलं नाही. उन्मादाच्या भरात क्रेडिट कार्डावर उधळलेले पैसे, रात्री तीनला नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलेले वाट्टेल ते मेसेज ही लक्षणं, हे डॉक्टर सांगतात. पण ज्या नणंदेला ते शब्द लागले, तिला ते लक्षण म्हणून सोडून देता येत नाही. उलट बाजूही तितकीच जाचक. माणूस स्थिर असतो, गोळ्या वेळेवर घेतो, लिथियमची पातळी तपासायला सकाळची गोळी मागे ठेवून लॅबमध्ये रक्त देऊन येतो. मग संध्याकाळी मुलाच्या फीवरून जरा आवाज चढला, की बायको विचारते, “गोळी घेतलीत ना?” त्याचा राग रास्त असला तरी जमा होतो आजाराच्या खात्यात. मला विचाराल, तर अशा घरातलं सगळ्यात झिजवणारं वाक्य हेच.

घरालाही उपचारात घ्यावं, ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. अमृतसरला डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकातच रुग्णांच्या घरच्यांना रुग्णालयाच्या आवारात तंबूत राहायला बोलावलं होतं. घरातल्या सततच्या टोचून बोलण्याने आजार उलटतो, हे बाहेरच्या अभ्यासांतून पुढे दिसलं. ठाण्यात १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही मनआरोग्याची संस्था सुरू केली आणि रुग्णालयाच्या भिंतीबाहेर या गोष्टी मराठीत बोलायला जागा झाली.

लग्नाचं प्रकरण मात्र अडूनच राहिलं. हिंदू विवाह कायद्यात मानसिक विकार हे घटस्फोटाचं एक कारण आहे. नुसतं निदान पुरेसं नाही, एकत्र राहण्याची अपेक्षाच करता येऊ नये इतका आजार तीव्र हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये स्पष्ट केलं. पण स्थळ बघताना न्यायनिवाडे कोण वाचतो! ‘आत्ता सांगू नका, लग्नानंतर होईल ठीक’ हा सल्ला चालूच, आणि पुढे खरा घाव बसतो तो लपवल्याचा.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने एक सोय केली : आजार बळावला तर कोणते उपचार हवेत-नकोत हे आधीच लिहून ठेवता येतं, प्रतिनिधीही नेमता येतो. तो नवराच हवा असं नाही. बहीण चालते, मैत्रीणही चालते. अडचण इतकीच, की हे सगळं ठरवायचं बऱ्या दिवसांत, आणि बऱ्या दिवसांत आजाराचा विषय काढायला घरात कुणाचीच जीभ रेटत नाही.