एकटं राहणं आणि एकाकी वाटणं

‘एकटा जीव सदाशिव’ असं आपण जरा हेव्यानंच म्हणतो. पण म्हाताऱ्या माणसांचा विषय निघाला की ‘एकटे’ आणि ‘एकाकी’ यांत फरक करत नाही. मग उपायही एकच सुचतो: ‘त्यांना ज्येष्ठ नागरिक संघात पाठवा.’

एकटेपणा बाहेरून मोजता येतो. त्यासाठी जेम्स लबेन या संशोधकाची सहा प्रश्नांची पट्टी वापरतात. महिन्यातून एकदा तरी किती नातेवाइकांशी भेट किंवा बोलणं होतं, हक्कानं मदत मागावी असे मित्र किती, असा सगळा हिशेब. ३० पैकी १२ पेक्षा कमी गुण पडले तर लक्ष द्यायला हवं. एकाकीपणाची पट्टी निराळी. १९७८ सालच्या ‘यूसीएलए’ (लॉस एंजेलिसमधलं कॅलिफोर्निया विद्यापीठ) प्रश्नावलीचं पुढे तीन प्रश्नांचं छोटं रूप झालं, त्यात माणसं मोजतच नाहीत. सोबत नाही, आपल्याला वगळलंय, आपण तुटलोय असं किती वेळा वाटतं, एवढंच विचारतात.

समजा, कोकणातल्या घरात एक आजी एकट्या राहतात. मुलं मुंबईत. पण शेजारची सून रोज हाक मारून जाते, परसातल्या अळूची वाटणी होते, संध्याकाळी ओटीवर कुणी ना कुणी टेकतंच. आणि ठाण्यातले एक आजोबा, भरल्या घरात. दिवसभरात त्यांच्या वाट्याला दोन वाक्यं येतात: ‘जेवलात का?’ आणि ‘गोळी घेतलीत का?’ काळजीचीच वाक्यं आहेत, पण उत्तर ‘हो’ च्या पुढे जात नाही. आपण फोन करतो तो मात्र आजींना.

कोण एकटं आणि कोण एकाकी हे ओळखून वृद्धांना साथ देणाऱ्या वस्तीपातळीवरच्या कोचिंगचं खरं काम इथे सुरू होतं. कोच म्हणजे बहुधा त्याच भागातली, थोडं प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती. गप्पा मारायला येणाऱ्या सोबत्यापेक्षा ती वेगळी. सोबती यायचा थांबला की त्याच्या भेटीचा मंगळवार पुन्हा रिकामा. कोच मात्र ‘तुम्हाला काय हवंय?’ असं विचारून माणसाकडूनच छोटं पाऊल ठरवून घेतो आणि पुढच्या आठवड्यात त्याची चौकशी करतो.

अडचण एकटेपणाची असेल तर पाऊल बरेचदा जिन्याशी अडतं. लिफ्ट नाही, गुडघे दुखतात, रिक्षावाला जवळचं भाडं घेत नाही. तिथे सोय लावायची. एकाकीपणात मात्र सोय लावून भागत नाही. ‘मी आता कुणाला नकोसा झालोय’ ही आत बसलेली समजूत हलवावी लागते. एकाकीपणावरच्या उपायांचा २०११ मध्ये एक मोठा आढावा निघाला. त्यातल्या काटेकोर प्रयोगांत नुसत्या गाठीभेटी वाढवण्यापेक्षा अशा समजुतींवर काम करणारे उपाय अधिक परिणामकारक दिसले. भजनी मंडळ वाईट नव्हेच, पण हे मनात धरून बसलेला माणूस तिथेही मागच्या सतरंजीवरच बसतो.

काही माणसं दोन्ही पट्ट्यांना चकवतात. रोज कट्ट्यावर येणारे, दहा ओळखींचे, पण इतर हसल्यावर क्षणभरानं हसणारे एखादे काका. ते अलीकडे अबोल झालेत, अशी चर्चाही असते. अशा वेळी कोचनं समजुतीचं बोलणं बाजूला ठेवावं आणि त्यांना आधी कान तपासून घ्यायला न्यावं.