आवाज गेला म्हणून पल्सऑडिओ काढू नका

लिनक्स लॅपटॉपचा आवाज गेला की हमखास मिळणारा सल्ला म्हणजे "पल्सऑडिओ उडवून टाक, सगळा घोळ त्याचाच". पल्सऑडिओ म्हणजे लिनक्समध्ये आवाज हाताळणारा प्रोग्राम. हा समज 2008 च्या आसपासचा आहे, उबुंटू या लिनक्सच्या 8.04 आवृत्तीत पल्सऑडिओ आलं तेव्हा खरंच खूप जणांना त्रास झाला होता, पण आता फेडोरा (लिनक्सचाच आणखी एक प्रकार) 34 पासून आणि उबुंटू 22.10 पासून आवाजाचं काम त्याच्या जागी आलेलं पाइपवायर बघतं, मग काढणार काय? उलट त्या नादात डेस्कटॉपची पॅकेजेस पण उडतात, प्लीज करू नका हे.

आधी सेटिंगमध्ये आउटपुट बघा, बऱ्याचदा तिथे एचडीएमआय निवडलेलं असतं आणि स्पीकर बिचारा गप्प. मग टर्मिनलवर अल्सामिक्सर (alsamixer, आवाजाच्या पट्ट्या दाखवणारा प्रोग्राम) उघडा, एफ6 दाबून खरं साउंड कार्ड निवडा, मास्टर किंवा स्पीकरच्या पट्टीखाली एमएम दिसलं तर ते म्यूट आहे, एम दाबलं की 00 होतं, म्हणजे म्यूट निघालं. हेडफोन काढल्यावरही स्पीकर बंदच राहत असेल तर तिथेच ऑटो-म्यूट (हेडफोन लावला की स्पीकर आपोआप बंद करणारी सेटिंग) डिसेबल करून बघा. आणि नवीन इंटेल लॅपटॉपवर नुसतं डमी आउटपुट दिसत असेल, म्हणजे खरं साउंड कार्ड सापडलेलंच नसेल, तर बहुतेक वेळा साउंड ओपन फर्मवेअरचं (साउंड चिपला लागणाऱ्या फाइल्सचं) पॅकेज नसतं, ते टाकून रीस्टार्ट करा.