अल्गोरिदमिक विचार (शालेय गणित)

एखादे काम कोणत्या क्रमाने करायचे, कोणती अट आली तर काय करायचे आणि थांबायचे कधी, हे इतके नेमके सांगणे की कामाचा हेतू न कळलेल्या माणसालाही ते तसेच्या तसे करता यावे, याला अल्गोरिदम किंवा साध्या मराठीत रीत म्हणतात. अशी रीत स्वतः घडवणे, ती फसते कुठे ते शोधणे आणि दोन रीतींत उजवी कोणती ते ठरवणे म्हणजे अल्गोरिदमिक विचार. गणिती विचार त्याला लागूनच असतो, पण दोन्ही एक नव्हेत. रीत चालते हे दिसणे वेगळे आणि ती का चालते हे पटवून देणे वेगळे. शाळेत एखाद्याला 'गणित येते' असे म्हणतात तेव्हा पुष्कळदा या दोहोंपैकी काहीच नसते. रीत पाठ झालेली असते, इतकेच. या नोंदीतील उदाहरणे सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या परिसरातील आहेत. विषय अर्थात कुठल्याही शाळेचा आहे.

अल्गोरिदम हा शब्द नवव्या शतकात बगदादमध्ये काम करणाऱ्या अल्-ख्वारिझ्मी या गणितज्ञाच्या नावावरून आला. भारतीय अंकांनी हिशेब कसा करायचा, यावरचे त्याचे लेखन लॅटिनमध्ये गेले आणि त्याच्या नावाचा अपभ्रंश त्या हिशेबपद्धतीलाच चिकटला. म्हणजे आज संगणकाशी जोडला जाणारा हा शब्द मुळात एकक-दशकांच्या आणि हातच्याच्या गणिताचा आहे. दुसरीच्या वर्गातला फळा ही त्याची जुनी जागा.

तोंडी हिशेब

मराठी मुलुखात रीतींचा मोठा साठा तोंडी होता. बे एके बेपासूनचे पाढे तर होतेच, शिवाय पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनपटीची औटकीसुद्धा मुले घोकत असत. (औट म्हणजे साडेतीन, हे आता 'औट हात देह' यासारख्या प्रयोगातच उरले आहे.) या घोकंपट्टीची टिंगल करणे सोपे आहे. पण ज्याला ती मुरली त्याच्याकडे अपूर्णांक तोडण्या-जोडण्याची सवय आपसूक येई. मंडईत ४० रुपये किलोची कृष्णाकाठची वांगी पावणेदोन किलो घेतली, तर विकणारी बाई गुणाकार मांडत नाही. दोन किलोचे ऐंशी, त्यातून पावाचे दहा गेले, सत्तर. तिचाच मुलगा सातवीत १.७५ × ४० मांडतो, दशांशचिन्ह एक घर सरकवतो आणि उत्तर ७०० लिहून मोकळा होतो. आईने संख्या सोयीच्या तुकड्यांत फोडली. तिला वितरणाचा नियम नावाने माहीत नाही, कामाने माहीत आहे. ब्राझीलमधील रेसिफे शहरात रस्त्यावर विक्री करणाऱ्या मुलांचा १९८०च्या दशकात अभ्यास झाला, तेव्हा हेच आढळले होते: गाडीवर बिनचूक होणारा हिशेब कागदावर मांडायला सांगितला की चुकतो.

या तोंडी परंपरेची उणीव अशी की रीत कुठून आली, हे तीत कोणी विचारत नसे.

चुकीची रीत

५२ मधून २७ गेले की ३५ उरतात, असे लिहिणारे मूल प्रत्येक वर्गात असते. त्याला निष्काळजी ठरवून उत्तरावर फुली मारली जाते. त्याच मुलाला ६३ − २८ दिले तर ते ४५ लिहिते. ७१ − ३५ दिले तर ४४. हा निष्काळजीपणा नव्हे. प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा, अशी रीत त्याने धरली आहे आणि ती ते इमानेइतबारे पाळते आहे. गंमत म्हणजे ८६ − ४२ ला याच रीतीने बरोबर उत्तर येते, त्यामुळे मुलाला आपल्या रीतीचा संशय येण्याचे कारणच उरत नाही. 'मोठ्यातून लहान जातो' हे वाक्य बहुधा आधीच्या इयत्तेत गुरुजींनीच सांगितलेले असते.

अमेरिकेत जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी १९७८ साली अशा चुकांची पद्धतशीर मांडणी केली. वजाबाकीतील बऱ्याचशा चुका विस्कळीत नसतात. त्यांच्यामागे एखादीच बिघडलेली पायरी असते आणि ती सापडली की पुढच्या उदाहरणात मूल काय लिहील हे आधी सांगता येते, असे त्यांनी दाखवले. या लेखकाच्या मते अल्गोरिदमिक विचार शिकवण्याची खरी सुरुवात इथे आहे. शिक्षकाने उत्तर तपासायचे सोडून रीत वाचायला घ्यावी. 'चूक' म्हणण्याऐवजी 'कसं केलंस ते मोठ्याने सांग' एवढे म्हटले तरी निम्मे काम होते.

उरलेले निम्मे काड्यांनी होते. दहा काड्यांची एक मोळी. उसाच्या पट्ट्यातल्या मुलांना मोळी म्हणजे काय हे समजावून द्यावे लागत नाही. पाच मोळ्या आणि दोन सुट्या काड्या पुढ्यात आहेत. सात सुट्या द्यायच्या आहेत. मूल हात पुढे करते, थबकते आणि स्वतःच एक मोळी सोडते. दशक सुटा करणे ही पायरी त्याला सापडली. आता फळ्यावरच्या खाडाखोडीला अर्थ आला.

क्रम आणि अट

सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ४० फुटांवर गेली की इशारा पातळी आणि ४५ फुटांवर गेली की धोका पातळी, हे तिसरीतल्या पोरालाही ठाऊक असते. पूल १९२९चा. २००५ आणि २०१९चे महापूर पाहिलेल्या घरांत पावसाळ्यातला पहिला प्रश्न 'पाणी किती फुटांवर?' हाच असतो. २०१९ मध्ये ते ५७ फुटांच्या वर गेले होते. अटींवर चालणारी रीत शिकवायला यापेक्षा चांगले साधन या जिल्ह्यात शोधून सापडणार नाही.

मुलांना सांगावे: पातळीचा आकडा मिळाल्यावर फलकावर काय लिहायचे, याच्या सूचना तयार करा, आणि सूचना पाळणारा माणूस स्वतःचे डोके अजिबात चालवणार नाही असे धरा. बहुतेक गट असे लिहितात: पाणी ४० फूट किंवा जास्त असेल तर 'इशारा' लिही; नाहीतर, ४५ फूट किंवा जास्त असेल तर 'धोका' लिही; नाहीतर 'ठीक' लिही. वाचायला सरळ वाटते. मग ४७ हा आकडा द्यावा. ४७ हे ४० पेक्षा जास्तच आहेत, म्हणून पहिलीच अट लागू पडते, फलकावर 'इशारा' लागतो आणि माणूस घरी जातो. पुढची ओळ कोणी वाचतच नाही. ४५ची अट आधी विचारली की दोष जातो. एकही आकडा न बदलता, नुसत्या क्रमाने रीत चुकते किंवा सुधारते, हे मुलांच्या ध्यानात येते ते असे. त्यानंतर बरोबर ४० आणि बरोबर ४५ हे आकडे घालून पाहणे, म्हणजे काठावरची उदाहरणे तपासणे, ही सवय आपोआप लागते.

याच माहितीतून गणिती विचारही पुढे नेता येतो. समजा सकाळी ६ वाजता ३८ फूट आणि १० वाजता ३९ फूट पाणी आहे. तासाला ३ इंच. या गतीने ४५ फुटांना आणखी २४ तास. पण 'या गतीने' या दोन शब्दांवर वर्गात भांडण झाले पाहिजे. कोयनेतून विसर्ग वाढला तर? वरच्या खोऱ्यात पाऊस थांबला तर? १०५ टीएमसीहून (अब्ज घनफुटांहून) अधिक साठवणाऱ्या धरणाचे दरवाजे त्रैराशिकाला विचारून उघडत नाहीत.

संगणकाविना

अल्गोरिदमिक विचाराला संगणक लागतोच असे नाही. न्यूझीलंडमधील टिम बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकापासून पत्ते, दोरी आणि पटांगण यांवर चालणारे उपक्रम तयार केले, ते जगभर वापरले जातात. डोंगराळ जावळी-पाटणकडच्या द्विशिक्षकी शाळांना हे अधिक सोयीचे. तिथे एका खोलीत दोन-तीन इयत्ता बसतात आणि चौथीच्या मुलीने लिहिलेल्या सूचना दुसरीच्या मुलाला खरोखर पाळायला देता येतात.

शोधण्याची रीत शिकवायला वाईतून संपादित होणारा मराठी विश्वकोश उपयोगी पडतो. खंड अकारविल्हे लावलेले. 'हळद' हवी असेल तर कोणी पहिल्या खंडापासून पाने उलटत नाही. मधे उघडायचे, पुढे की मागे ते पाहायचे, उरलेल्याच्या पुन्हा मधे. १ ते १०० मधली मनात धरलेली संख्या अशा अर्ध्या-अर्ध्याच्या प्रश्नांनी फार तर सात प्रश्नांत सापडते. आठवा कधीच लागत नाही, कारण सात वेळा दुप्पट केल्यावर १२८ होतात आणि ते शंभराहून जास्त आहेत.

सिमूर पेपर्ट आणि सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये मुलांसाठी लोगो ही संगणकभाषा केली. तिच्यातले कासव पडद्यावर चालते. आपल्याकडे ते पटांगणावर चालवता येते, खो-खोच्या मैदानाची फक्की हातात देऊन. चार पावले पुढे, काटकोनात उजवीकडे, असे चारदा केले की चौरस होतो. मग समभुज त्रिकोण सांगावा. कोन ६० अंशांचा असतो हे सर्वांना पाठ असते, म्हणून '६० अंश वळ' अशी सूचना येते. तीन बाजू चालून होतात आणि त्रिकोण मिटत नाही. जमिनीवर अर्धा षटकोन उमटलेला असतो. चालणाऱ्याला १२० अंश वळावे लागते, कारण तो आतला कोन मापत नसून आपले तोंड फिरवत असतो. पुस्तकातला बाह्यकोन इथे पायाखाली येतो.

धोरण आणि परीक्षा

२००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यासोबतच्या गणितविषयक टिपणाने, ज्याच्या गटाचे अध्यक्ष आर. रामानुजम होते, मुलाच्या विचाराचे गणितीकरण हे मुख्य ध्येय मानले. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने गणिती आणि संगणकीय विचारावर पायाभूत स्तरापासून भर द्यायला सांगितले, त्यासाठी कोडी व खेळ सुचवले आणि कोडिंगचे उपक्रम मधल्या स्तरावर ठेवले. क्रम योग्य आहे. सहा वर्षांच्या मुलाला कोडिंगच्या क्लासला घालण्याची घाई धोरणाने केलेली नाही, जाहिरातींनी केली आहे.

बुद्धिबळाबद्दलही असाच एक समज आहे. भाग्यश्री ठिपसे आणि स्वाती घाटे यांच्यासारख्या खेळाडू देणाऱ्या सांगलीत तो जरा जास्तच आहे. बुद्धिबळाने बुद्धिबळ नक्की सुधारते. गणित सुधारते याला भक्कम आधार नाही. खेळावे, कारण खेळ उत्तम आहे.

खरी अडचण परीक्षेची. राज्याच्या शिष्यवृत्ती परीक्षेच्या एका पेपरात ९० मिनिटांत ७५ प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. बुद्धिमत्ता चाचणीतले काही प्रश्न खरोखर सुंदर असतात, पण ७२ सेकंदांत कोणी रीत घडवत नाही, आठवते. म्हणून शिकवण्या 'ट्रिक'वर चालतात. जादा तासाला बसणारे मूल हुशार नसते असे नाही, त्याला थांबायला उसंत नसते.

कापरेकरांची संख्या

देवळालीचे शाळाशिक्षक द. रा. कापरेकर यांनी १९४९ मध्ये जगापुढे ठेवलेली ६१७४ ही संख्या दोन्ही विचार एकत्र दाखवते. चार अंकी संख्या घ्यावी, चारही अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमाने लिहावेत, त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेली संख्या वजा करावी, आलेल्या उत्तराचे पुन्हा तसेच. मुले स्टँडवर उभ्या एसटीचा नंबर घेतात. ४५०७: ७५४० − ०४५७ = ७०८३; ८७३० − ०३७८ = ८३५२; ८५३२ − २३५८ = ६१७४. पुढे तीच संख्या येत राहते. कुठूनही निघा, फार तर सात पायऱ्या.

एखाद्याचे मात्र उत्तर शून्य येते आणि वर्ग हसतो. वही पाहावी. त्याने १११२ घेतलेली असते: २१११ − १११२ = ९९९, आणि मग ९९९ − ९९९. रीतीत 'उत्तर चार अंकी लिहा, पुढे शून्य लावा' ही पायरी सांगितलेलीच नव्हती. दोष त्याचा नव्हे, सूचना देणाऱ्याचा. ०९९९ घेतले की ९९९० − ०९९९ = ८९९१ आणि गाडी रुळावर येते.

सगळ्याच संख्यांचे असे होते हे कसे पटवायचे? ०००१ पासून मोजल्या तर ९,९९० संख्या तपासाव्या लागतील. अंकांचा क्रम आपण बदलतोच, तेव्हा ४५०७ आणि ७०५४ एकच. अशा सारख्या संख्या एकत्र केल्या की ७०५ उरतात. आठवी-नववीची मुले आणखी एक गोष्ट पाहू शकतात. उतरत्या क्रमाने अंक अ, ब, क, ड असतील तर वजाबाकी ९९९(अ − ड) + ९०(ब − क) येते. म्हणजे उत्तर नेहमी ९ ने भागले जाते आणि ते या दोन फरकांवरच ठरते. पहिला फरक १ ते ९, दुसरा पहिल्याहून मोठा नाही. अशा जोड्या फक्त ५४. तुकडीत पन्नास-पंचावन्न मुले असतील तर प्रत्येकाला एक जोडी येते आणि तासाभरात फळा भरतो.