आजीला सगळं येत होतं, बाकीच्यांना काय येत होतं?

नागपुरात कुठलीही पंगत उठली की हात धुता धुता एक वाक्य ऐकू येतंच. "आता घरी कोणाले येते असं कराले?" समोरचा लगेच मान हलवतो आणि मग आजीचा वडाभात निघतो, मामीच्या पाटवड्या निघतात. आपल्या घरांत पूर्वी स्वयंपाक यायचा आणि आता येत नाही, यावर जवळपास एकमत आहे. पण आठवण निघते ती नेहमी कुणा एकीची, आजीची किंवा मामीची. त्याच वाड्यातल्या आजोबांना, काकांना, शाळेत जाणाऱ्या पोरांना काय येत होतं, हे कोणी विचारत नाही.

महाल किंवा इतवारी या जुन्या वस्त्यांतल्या एकत्र घरात पंधरा-वीस माणसं जेवत. चूल मात्र एका-दोघींच्या हातात असे. नवी सून आली की वर्ष-दोन वर्षं निवडणं, दळणं, पाट्यावर वाटणं, पाणी भरणं तिच्याकडे. फोडणी तिच्या वाट्याला उशिरा यायची आणि मीठ त्याहून उशिरा. सोवळंओवळं पाळणाऱ्या घरात तर चुलीपर्यंत पोचायलाच कपड्यांचे आणि आंघोळीचे नियम आडवे. या शिक्षणात कोणी काही सांगत नसे. बघायचं, चुकायचं, ऐकून घ्यायचं. त्यातून जी तयार व्हायची तिचा हात बसायचा यात शंका नाही. पण वीस माणसांच्या घरात दोघींना उत्तम येणं म्हणजे घराला येणं नव्हे.

पुरुषांना काहीच येत नव्हतं असंही नाही. शेतात किंवा मारुतीच्या देवळाजवळ रोडग्यांचा, म्हणजे गोवऱ्यांवर भाजायच्या कणकेच्या गोळ्यांचा, बेत ठरला की गोवऱ्यांचा जगरा लावणं, रोडगे भाजून राख झटकणं, मोठ्या गंजात आलू-वांग्याची भाजी ढवळणं हे सगळं माणसंच करायची, अजूनही करतात. लग्नातला आचारी पुरुषच. चार-पाचशे पानांची भाजी अंदाजाने लावणारा हाच माणूस घरी मात्र चहाचं आधण ठेवायलाही उठत नसे. म्हणजे कौशल्य होतं, पण उंबरठ्याच्या बाहेर.

हा स्वयंपाक कशाचा होता, हे नकाशा पाहिला की कळतं. नागपूरच्या पूर्वेला वैनगंगेचा धानाचा पट्टा, पश्चिमेला वऱ्हाडची ज्वारी आणि कापूस. दोन्हींच्या मध्ये हे शहर. त्यामुळे भात, पोळी आणि भाकर या तिन्हींचा हात लागे. सोबत तूर, चणा, जवस, अंबाडी आणि जिल्ह्यातल्याच भिवापूरची मिरची. रोजच्या ताटात वरण-भात, पोळी, एक भाजी, जवसाची चटणी किंवा भुरका, म्हणजे तेलात परतलेलं तिखट. सणावाराला वडाभात, गोळाभात, पाटवडीचा रस्सा, थंडीत सांभारवडी. इथे कोथिंबिरीला सांभार म्हणतात, हे बाहेरच्या वाचकाने ध्यानात ठेवावं, नाहीतर तो डाळीत वडी शोधत बसेल. महालक्ष्म्या म्हणजे इतर ठिकाणच्या ज्येष्ठा गौरी. त्यांच्या नैवेद्याला पुरण, अंबील, कढी आणि सोळा भाज्या. यादी लांब वाटते, पण एखाद्या घराचे नेमाचे पदार्थ मोजायला बसलं तर वीस-पंचवीसच्या पुढे जाणं कठीण. तेच पदार्थ आयुष्यभर, त्याच चुलीवर, त्याच कढईत.

म्हणून त्या हाताची खोली मोठी होती, रुंदी नव्हे. पाटवडीचं बेसन घाटताना गुठळी होऊ न देणं, ते कढईची कड कधी सोडतं हे ओळखणं, गरम असतानाच ताटावर थापणं आणि वर खसखस-खोबरं इतपतच दाबणं की वडी रश्शात पडल्यावर सुटू नये. वडाभातात डाळींची भरड जाडीच हवी. वडे भातावर कुस्करले की वरून हिंग-लाल मिरचीची फोडणी घातलेलं तेल कडकडीत पडलं पाहिजे. गोळाभातात गोळे भाताच्या वाफेवरच शिजतात, त्यामुळे भाताला पाणी किती उरलंय हे झाकण न उघडता समजावं लागतं. हे वाचून येत नाही, हजारदा करून येतं. आणि ज्या बाईला हे येत होतं तिला बहुधा शेजारच्या आळीतल्या जातीचा एकही पदार्थ येत नसे, कारण तो तिने कधी खाल्लेलाच नसे.

शेजारच्या आळीचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण सावजी. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. दहा वर्षांपूर्वी, १८६७ मध्ये, मुंबईची रेल्वे इथे पोचलेली होती, कापूस दाराशी होता आणि शहरात पिढ्यान्‌पिढ्या विणकाम करणारे हलबा-कोष्टी होते. गोळीबार चौक, पाचपावलीच्या बाजूला त्यांची वस्ती. सावजी हे त्यांच्यात एकमेकांना हाक मारायचं नाव. त्यांच्या घरचा रस्सा म्हणजे जवसाचं तेल, भाजून वाटलेला काळा मसाला, सुकं खोबरं, खसखस, दगडफूल आणि दाटपणाला ज्वारीचं पीठ. बकऱ्याचं काहीही वाया जात नसे. मुंडी, खूर आणि आतड्यांची सुंदरी हे त्या घरांचे रोजच्या हिशेबातले पदार्थ. पुढे हातमाग मोडत गेला, गिरण्या आजारी पडल्या, एम्प्रेस मिल २००२ मध्ये कायमची बंद झाली. या पडझडीत अनेक कुटुंबांनी घरची चूल पुढच्या खोलीत आणली आणि चार बाकं टाकली. आज ज्याला सारा महाराष्ट्र नागपूरचं हॉटेलचं जेवण समजतो, ते मुळात विणकराच्या घरचं जेवण. एका समाजाची घरगुती कला विकायला बाहेर आली आणि त्यामुळेच ती इतरांना कळली. घरातच राहिली असती तर आपण तिची गणती "चांगला स्वयंपाक" या सदरात केली असती का, याची मला शंका आहे.

दुसरी वाट छापखान्यातून आली. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र' १८७५ चं, लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया' १९१० चं. पण घराघरांत पोचलं ते कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा', १९७० चं. त्यात मोजमाप वाटी-चमच्याचं होतं आणि माझ्या मते खरी उलथापालथ तीच. तोवर "अंदाजाने" हा शब्द ज्येष्ठतेचा पहारेकरी होता. सासूचा अंदाज सुनेला मिळायला दहा वर्षं लागत, वाटी मात्र सगळ्यांची जवळपास सारखी. नागपुरातल्या नोकरदार घरांत, जिथे नवराबायको दोघंच भाड्याच्या खोल्यांत राहू लागली होती आणि विचारायला कोणी नव्हतं, तिथे या वाटीने आजीची जागा घेतली. फक्त या पुस्तकांची भाषा बहुतेक पुण्या-मुंबईची. आलूला बटाटा आणि सांभाराला कोथिंबीर म्हणायची सवय इथल्या बायकांना तिथूनही लागली.

शाळा-कॉलेजांनी हातभार लावला तो वेगळा. शंकरनगरचं एल.ए.डी. कॉलेज मुलींसाठी १९३२ मध्ये निघालं आणि गृहविज्ञान हा विषय पुढे शहरात रुजला. आहारमूल्य, जीवनसत्त्वं, अन्न टिकवणं हे शब्द तिथून घरात आले. विषय मुलींचाच राहिला, हे सांगायलाच हवं.

मग अवजारं. लाकडाची चूल, कोळशाची शेगडी आणि भुशाची शेगडी. लकडगंजच्या आरा मशिनींमुळे भुशाला इथे तोटा नव्हता. मधोमध दांडा धरून भुसा ठासायचा, दांडा अलगद काढायचा, खालून पेटवायचं. नीट ठासली तर तासन्‌तास एकसारखी आच, नाहीतर घरभर धूर. ही शेगडी भरणं स्वयंपाकाइतकंच कसबाचं काम होतं आणि बऱ्याचदा ते शाळकरी मुलाकडे असे. मग वातीचा स्टोव्ह, आणि मग गॅस. भारतात घरगुती गॅस १९५५ मध्ये मुंबईत आला, पण सामान्य घराला जोडणीसाठी पुढची कित्येक वर्षं नंबर लावून बसावं लागे. १९५९ मध्ये देशात प्रेशर कुकर बनू लागले, १९६३ मध्ये सुमीतचा मिक्सर आला.

यातल्या प्रत्येकाने एक कसब खाल्लं. तुरीची डाळ शिजवणं ही पूर्वी परीक्षा होती: पाणी, डाळीचं वय, निखारे पुढे-मागे ओढणं. कुकरने ती तीन शिट्ट्यांत संपवली. ते बरंच झालं, त्यात हळहळण्यासारखं काही नाही. मिक्सरची गोष्ट थोडी वेगळी. पाट्यावर भरड ठेवता येते, मिक्सरमध्ये एक फेरा जास्त झाला की गंध होतो. आजचा वडाभात आजीसारखा लागत नाही याचं कारण हातात कमी आणि त्या भांड्यात जास्त शोधावं.

टंचाईनेही शिकवलं. साठीच्या दशकात आणि १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात रेशनवर अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी मिळायची. बायकांनी तिला यथेच्छ नावं ठेवली आणि तिच्या भाकरी थापल्या. हाताशी असेल त्यातून जेवण उभं करणं हे कौशल्य कुठल्याच पाककृतीत येत नाही, म्हणून आठवणींतूनही निसटतं.

आता आकडे. देशातलं वेळेच्या वापराचं पहिलं राष्ट्रीय सर्वेक्षण २०१९ चं. घरकाम करणाऱ्या बाया त्या बिनपगारी कामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, करणारे पुरुष ९७ मिनिटं. आणि असं काम करणाऱ्यांचं प्रमाणच बायकांत ८१.२ टक्के, पुरुषांत २६.१ टक्के. २०२४ च्या सर्वेक्षणात ही मिनिटं २८९ आणि ८८ अशी आली. यात झाडूपोचा, धुणीभांडी सगळं धरलंय. तरी स्वयंपाकघरात कोण उभं आहे हे दिसायला एवढं पुरे.

म्हणजे वाड्यातली विभागणी अजून पुरती मोडलेली नाही. फट पडली ती २०२० च्या टाळेबंदीत. मेस बंद, डबेवाल्या मावश्या येऊ शकत नाहीत, गावी जायला गाडी नाही. नागपुरात खोली करून राहिलेल्या शेकडो पोरांनी फोनवर व्हिडिओ लावून कणीक मळली. माझा भाचा त्यातलाच. त्याला आज तर्री पोहे येतात, पनीर येतं, कसलासा पास्ताही येतो. आजीला आयुष्यात जेवढे पदार्थ आले त्याहून जास्त त्याच्या यादीत असतील. पण वरणाला फोडणी देताना तो अजून घड्याळ बघतो, जिरं बघत नाही. त्याच्या आजीच्या पिढीतल्या कुठल्या पुरुषाला एवढं तरी येत होतं, असं विचारलं की घरातले म्हातारे विषय बदलतात.

याच शहरात विष्णू मनोहर यांनी २०१७ मध्ये दोन दिवसांहून अधिक काळ सलग स्वयंपाक केला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तीन हजार किलोची खिचडी केली. गर्दी लोटली. स्वयंपाक पाहायची हौस नागपूरकराला दांडगी आहे.

पोळी मात्र भाच्याला येत नाही. त्याच्या बरोबरच्या कोणालाच येत नाही, आणि नोकरी करणाऱ्या बऱ्याच मुलींनाही रोज लाटायला वेळ नाही. जुन्या वस्त्यांत मडक्यावरची लांब रोटी करणाऱ्या बाया असत, अजून आहेत. कणीक हातावर लांबवून उपड्या मडक्यावर टाकायची, चुकली तर फाटते. ते कसब थोड्यांकडेच असतं आणि बाकीचे विकत घेतात. आता साध्या पोळीचंही तसंच होत चाललंय. प्रत्येक वस्तीत एखादं पोळी-भाजी केंद्र आहे, आत तीन-चार बाया एकसारख्या लाटत असतात आणि बाहेर दुचाक्या लागलेल्या असतात. भाचा ऑफिसातून साडेआठला पोचतो. तोवर पोळ्या बहुधा संपलेल्या असतात, मग तो घरी येऊन भात टाकतो.