एक घनमीटर पाणी, किती युनिट?

हजार लिटर, म्हणजे एक घनमीटर पाणी 1 मीटर वर उचलायला 9,810 ज्यूल ऊर्जा लागते. एक युनिट वीज म्हणजे 36 लाख ज्यूल. काहीच वाया गेलं नाही, तर एका युनिटमध्ये हे पाणी 367 मीटर वर जातं. हा आकडा हाताशी असला की पाणीटंचाईवरचे बरेचसे उपाय दोन ओळींच्या गणितात तपासता येतात.

आधी शेतातली मोटर. पंप, मोटर आणि केबल मिळून 40 टक्के कार्यक्षमता मिळाली तरी ठीक म्हणायचं. अशा 5 एचपीच्या (3.7 किलोवॅट) सबमर्सिबलने (पाण्यात बुडवून ठेवलेल्या पंपाने) 60 मीटर खोलीवरून तासाला साधारण 9 घनमीटर पाणी येतं. म्हणजे घनमीटरला 0.4 युनिट. पाणी 120 मीटरवर गेलं तर खर्च दुप्पट होईल असं वाटतं, पण प्रत्यक्षात हाल त्याहून जास्त होतात. पंपाचे टप्पे ठरावीक हेडसाठी (पाणी जेवढं वर ढकलायचं त्या उंचीसाठी) बनवलेले असतात. 60 मीटरसाठी घेतलेला पंप 90 मीटरवर धड पाणी देत नाही, वीज मात्र खात राहतो. शिवाय सबमर्सिबल मोटर तिच्या अंगावरून वाहणाऱ्या पाण्याने गार राहते. प्रवाह घटला की ती तापते. त्यात व्होल्टेज उतरलं तर ती जास्त अँपिअर ओढते आणि वाइंडिंग (आतली तारेची गुंडाळी) जळतं. पाइपमध्ये केलेली काटकसरही अशीच महागात पडते. दोन इंचीऐवजी दीड इंची पाइप टाकला, तर तेवढ्याच प्रवाहाला घर्षणात जाणारं हेड सुमारे चौपट होतं, कारण ते व्यासाच्या पाचव्या घाताने बदलतं.

आता समुद्र. पाणी उकळून वाफेपासून गोडं पाणी करायचं, तर नुसत्या बाष्पीभवनाला घनमीटरमागे 627 युनिट उष्णता लागते. त्यातली बरीच परत वापरता येते, तरी हा मार्ग महागच. म्हणून नवे प्रकल्प आरओवर चालतात: दाब देऊन पाणी बारीक पडद्यातून ढकलायचं, क्षार मागे राहतात. चेन्नईजवळ मिंजूरला रोज 10 कोटी लिटरचा असा प्रकल्प 2010 मध्ये सुरू झाला. समुद्राच्या पाण्याचा परासरण दाब, म्हणजे गोडं पाणी पडद्यापलीकडे जाण्यासाठी ओलांडावा लागणारा दाब, साधारण 27 बार असतो (1 बार म्हणजे जवळपास हवेच्या दाबाएवढा). पाणी पडद्यातून जाऊ लागतं तसं मागे उरलेलं अधिक खारट होत जातं, म्हणून पंपाला 60 बारच्या आसपास दाब द्यावा लागतो. हा दाब 600 मीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढा आहे. आत घेतलेल्या पाण्यापैकी 40-45 टक्केच गोडं होऊन बाहेर पडतं. उरलेल्या खाऱ्या पाण्यातला दाब परत मिळवणारं यंत्र बसवलं, तरच एकूण खर्च घनमीटरला 3 ते 3.5 युनिटवर राहतो. ते नसेल तर हिशेब कोलमडतो. पडद्यांचे शत्रू दोन: गाळ आणि क्लोरीन. पावसाळ्यात खाडीच्या मुखाशी पाणी गढूळ होतं, गाळणी अपुरी असली की पडदे चोंदतात आणि दाब वाढवत न्यावा लागतो. शेवाळ रोखायला घातलेलं क्लोरीन पॉलिअमाइडचा (एका प्लास्टिकचा) पडदा खातं, म्हणून पडद्याआधी ते सोडियम बायसल्फाइटने काढून टाकतात.

हे पाणी मराठवाड्यात न्यायचं म्हटलं तर? छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे 570 मीटर उंच आहे. 75 टक्के कार्यक्षमतेच्या मोठ्या पंपांनी एवढी चढण चढायला 2 युनिट, आणि तीनशेहून अधिक किलोमीटर पाइपातल्या घर्षणाला आणखी किमान एक. सगळं मिळून घनमीटरला 7 युनिट धरू.

माणशी रोज 55 लिटरने पाच जणांच्या घराला वर्षाला 100 घनमीटर लागतात, म्हणजे 700 युनिट. दोन मध्यम फ्रिज वर्षभर साधारण तेवढी वीज घेतात. पिण्याच्या पाण्यासाठी हा खर्च अवघड असला तरी अशक्य नाही. एकरभर उसाला मात्र साधारण 8,000 घनमीटर पाणी लागतं: 56,000 युनिट. युनिटला 8 रुपये धरले तर बिल साडेचार लाखांच्या घरात जातं. एकरी 50 टन ऊस निघून टनाला 3,300 रुपये मिळाले, तरी हातात येतात 1 लाख 65 हजार. घराची तहान विजेने भागवता येईल. ऊस त्यावर पोसता येणार नाही. दुष्काळाच्या चर्चेत हे दोन प्रश्न वेगळे ठेवायलाच हवेत.

सौर पंपाने बिल जातं, पण उपशावर असलेला एक लगामही त्याबरोबर जातो. मराठवाड्यातल्या बेसॉल्ट खडकात (काळ्या कातळात) पाणी झिजलेल्या थरात आणि भेगांतच साठतं. पॅनेल दिवसभर फुकट उपसत राहिले की ते लवकर संपतं.

शहरांजवळ याहून स्वस्त पाणी आहे: सांडपाणी. त्यात क्षार समुद्राच्या मानाने फार थोडे असतात, त्यामुळे आरओ लागलंच तर 10-15 बार दाबावर काम भागतं. वीज केंद्र थंड ठेवायला तर बहुतेकदा आरओचीही गरज नसते. 2013 च्या दुष्काळात परळीचं औष्णिक वीज केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं. नागपुरात मात्र भांडेवाडीला शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला दिलं जातं. प्रकल्पाची क्षमता दिवसाला 13 कोटी लिटर आहे, आणि जेवढं पाणी केंद्राला मिळतं तेवढं धरणातलं पाणी पिण्यासाठी मोकळं राहतं.