ढिली तार, जड आवाज

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये पत्र्याच्या प्रेसवर उभं राहिलेल्याला हा अपघात समजावून सांगावा लागणार नाही. 1965 साली बर्मिंगहॅममध्ये, कारखान्यातल्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी, पुढे ब्लॅक सॅबथ या हेवी मेटल बँडचा गिटारवादक झालेल्या 17 वर्षांच्या टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाची आणि अनामिकेची टोकं प्रेसखाली गेली. आयोमी डावखुरा, म्हणजे गेली ती नेमकी तारा दाबणारी बोटं. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून टोपणं केली, वर चामडं चिकटवलं. पण टोपणाला तार जाणवत नाही, मग हात गरजेपेक्षा जोरात दाबतो. म्हणून आधी बारीक तारा आल्या आणि 1971 पर्यंत तारा ढिल्या करून ट्यूनिंगच तीन सेमीटोन (अर्धे स्वर) खाली आलं.

तारेचा ताण कंपनसंख्येच्या वर्गाप्रमाणे बदलतो. जाड ई तार 82.4 हर्ट्झवरून 69.3 वर आणली तर सूर 16 टक्के उतरतो, ताण मात्र जवळपास 30 टक्के. नऊच्या सेटमधल्या (सर्वांत बारीक तार 0.009 इंच) 42 च्या, म्हणजे 0.042 इंच जाडीच्या तारेवरची ओढ पावणेसात किलोवरून पावणेपाचवर येते.

घरी करून बघाल तर पहिली तक्रार बझची, म्हणजे तार खरखरण्याची. ओढ घटल्यामुळे नेक (गिटारची मान) मागे जाते आणि तार फ्रेटला, म्हणजे नेकवरच्या धातूच्या पट्टीला, घासते. पहिला फ्रेट आणि नेक-बॉडीच्या जोडाजवळचा फ्रेट दाबून सातव्यावर फट बघा. व्हिजिटिंग कार्डाएवढी हवी. कमी असेल तर ट्रस रॉड (नेकमधली तिचा बाक सांभाळणारी सळई) घड्याळाच्या उलट पाव फेरा सोडा, पुन्हा ट्यून करा, मगच पुढचा पाव. हे नव्या तारांवरच करावं. खाडीकाठच्या पावसाळी हवेत गंजलेली तार सुरातच राहत नाही. दुसरी अडचण अशी, की जोरात छेडल्यावर सूर आधी चढा लागतो, मग खाली बसतो. 50 ची तार लावली की ताण पूर्ववत होतो, पण बोटांना मिळालेली सूटही जाते. आयोमीला ते परवडलं नसतं.

नुसती ढिली तार जड वाजत नाही. आयोमीच्या गिटार आणि लेनी कंपनीच्या अ‍ॅम्पच्या मध्ये रेंजमास्टर हा ट्रेबल बूस्टर, म्हणजे वरचे सूर वाढवणारी पेटी, असे. जडपणासाठी ट्रेबल? हो. अख्खा खर्ज डिस्टॉर्शनमध्ये (आवाज मुद्दाम फाडण्यात) ढकलला तर चिखल होतो. खर्ज परत येतो तो वेगळ्या वाटेने. सा आणि प (69.3 आणि 103.8) एकत्र छेडले, की अ‍ॅम्प लाटांचे शेंडे छाटताना दोघांतल्या फरकाचा सूरही तयार करतो: 34.5 हर्ट्झ, म्हणजे खालच्या सप्तकातला सा. बारा इंची स्पीकरला तो धड पेलत नाही, तरी वरच्या सुरांवरून कान त्याचा अंदाज बांधतो. मधे ग (87.3) घातला तर फरक येतात 18 आणि 16.5. ते जुळत नाहीत, आणि आवाज खरखरत थरथरतो. ग घ्यायचाच तर आधी गेन, म्हणजे आवाज किती फाटेल ते ठरवणारं बटण, उतरवा.